खालचा पट्टा

टक्. मग जरा थांबून पुन्हा टक्. बाथरूममधलं वॉशिंग मशीन शेवटची पिळणी घेत होतं आणि त्याच्या पोटात काहीतरी आपटत होतं. इतका वेळ घरात आवाज म्हणून नव्हता. पाच वर्षांची खुबी आतल्या खोलीत झोपली होती, दुपारचा रस्ता ओसरला होता, आणि तिची आई जेवणाच्या टेबलाशी एका लांब पिवळ्या पाकिटासमोर बसली होती, पाकीट आपण होऊन काही बोलेल म्हणून थांबल्यासारखी. बटण असेल, तिने मनाशी म्हटलं. पण बटणाचा आवाज बारीक असतो आणि नाण्याचा खणखणीत. हा जाडसर होता, आतून भरल्यासारखा, आणि मुख्य म्हणजे ओळखीचा. ओळखीचा वाटला याचाच तिला राग आला. पाच वर्षं झाली खडकावर उतरून, पण कान मेले अजून तिकडचेच.

मशीन थांबलं तेव्हा तिने झाकण उघडून पिळे सोडवायला घेतले. नवऱ्याचे दोन शर्ट, उशीचा अभ्रा, खुबीचा कालचा निळा फ्रॉक. फ्रॉकच्या खिशात बोटं घातली आणि हाताला लागलं ते आधी हातानेच ओळखलं. कवडी. अंगठ्याच्या पेराएवढी, तपकिरी, पाठीवर फिकट ठिपके, आणि अशी चकचकीत की खिडकीचा उजेड तिच्या पाठीवर पूर्ण चौकोनासह उमटला होता. तिने ती उलटी केली. पोटाच्या फटीत, दोन्ही बाजूंच्या बारीक दातांच्या मध्ये, काहीतरी राखी आक्रसून बसलेलं होतं. तिने नाकाशी नेली. वर साबणाचा तो फुलांचा म्हणवणारा वास, आणि त्याच्या खाली, नाक जरा थांबवलं की, ओहोटीचा.

काल संध्याकाळी ती कणीक मळत होती, फोन खांद्याने कानाशी धरलेला, पलीकडून ऑफिसातले सर सोमवारच्या सुनावणीबद्दल बोलत होते, आणि खुबी फ्रॉकचा खिसा दोन्ही हातांनी धरून कमरेशी येऊन उभी होती. "आई, ती हलतेय." "हो का? अरे वा." "खरंच हलतेय. गुदगुल्या होतायत." "वा वा, छान हं." आयांचा एक आवाज असतो, आपण तिथे नसताना आपल्या जागी बसवून ठेवलेला. त्या आवाजाने सगळी उत्तरं दिली होती. रात्रभर फ्रॉक बाथरूमच्या बादलीत पडला होता, ओल्या टॉवेलखाली, म्हणजे तिथे ती जगली असणार. आणि आज दुपारी तीन वाजता हिने तो उचलून मशीनमध्ये टाकला, वर झाकणभर साबण ओतला आणि बटण दाबलं.

जिवंत कवडी आपल्या घरावर स्वतःच पांघरूण घालते. दोन्ही बाजूंनी मऊ अंग वर चढवते, पाठीच्या मधोमध दोन कडा जुळतात, आणि मग तिला वाळू खरवडत नाही, ऊन लागत नाही, शेवाळ धरत नाही. जन्मभर ती स्वतःला पुसत बसलेली असते. मेली की चार-सहा महिन्यांत तो झळाळ जातो. म्हणून बाजारातल्या डब्यातल्या कवड्या बघून हसू नका, हे वाक्य ती रोज दोनदा म्हणायची, सकाळच्या शाळेला एकदा आणि दुपारच्या शाळेला एकदा, ऑफिसच्या माहिती केंद्राच्या गार खोलीत, जिथे बटण दाबलं की भिंतीतून लाटांचा आवाज यायचा. खरा समुद्र त्या भिंतीमागे चाळीस पावलांवर होता. पण काचा बंद असल्यामुळे त्याचा आवाज आत येत नसे, म्हणून ध्वनिमुद्रित ठेवला होता. खोलीच्या मध्यावर उथळ हौद होता, त्यात रबराचा तारामासा, आणि पोरं त्याला न चुकता विचारून मग हात लावत, कारण 'प्राण्यांना त्रास देऊ नका' ही पाटी तिनेच लिहिली होती. बाकीच्या पाट्याही तिच्याच. 'आपल्या किनाऱ्याचे रहिवासी' या पाटीवर एकवीस चित्रं होती. त्यातले किती अजून राहतात, असं एका मास्तरांनी एकदा विचारलं होतं आणि तिने हसून, "सगळे थोडे लाजाळू आहेत हो," असं म्हटलं होतं. मास्तरही हसले. त्या हसण्याची चव नंतर दिवसभर जिभेवर राहिली, पेनाचं टोक चावल्यासारखी.

काल आलेली शाळा खुबीची होती. आईने समोर उभं राहून बोलायचं आणि आपण मांडी घालून ऐकायचं, याचा खुबीला कोण अभिमान. पोटाशी धरलं तरी तोंड उघडायची नाही, चिखलातल्या खुबी नावाच्या शिंपल्यासारखी घट्ट मिटून बसायची, म्हणून तान्हेपणी तिला खुबी नाव पडलं ते पडलं. आता तेच तोंड मिटत नव्हतं. "माझी आई मोजते," तिने शेजारच्या मुलीला सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, "समुद्रातलं सगळं तिने मोजलंय." कार्यक्रम संपल्यावर बाईंनी मुलांना समुद्राकडच्या संरक्षक भिंतीच्या टोकाशी नेलं होतं, जिथे समुद्र बुजवून केलेला भराव संपतो आणि थोडा खडक उरला आहे. ओहोटी मोठी होती. आई मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही. खुर्च्या सरळ करत राहिली. खुर्च्या सरळच होत्या.

तिने कवडी टेबलावर पाकिटाशेजारी ठेवली. पाकिटात तिच्याच हस्ताक्षरातल्या मोजणीच्या कागदांची प्रत होती आणि वर एक छापील पान, पाच वर्षांपूर्वीच्या निष्कर्षांना दुजोरा देणारं, त्याखाली 'माहिती गोळा करणारी व्यक्ती' आणि एक मोकळी रेघ. ती रेघ सही करून भरायची होती. पाच वाजता ऑफिसचे शिपाईकाका येऊन पाकीट घेऊन जाणार होते. सोमवारी ते सुनावणीत ठेवलं जाणार, आणि मग उरलेला खडकही भरावाखाली घ्यायला कुणाची हरकत उरणार नव्हती. किनाऱ्याचा नुसता आकार बदलणार, असं सर म्हणाले होते. खालच्या पट्ट्यात तसंही काही नाही. तुझेच आकडे आहेत.

खडकाळ किनारा वरून खाली वाचायचा असतो, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. सरांना सगळे पाठीमागे ओहोटीसर म्हणत, कारण त्यांचे केस कपाळापासून मागे हटत चालले होते आणि भरतीची आशा नव्हती. हे त्यांना माहीत होतं, आणि ते स्वतःच म्हणत, "चला, ओहोटी लागलीय, मीसुद्धा येतो." वरचा पट्टा, जिथे फक्त शिंतोडे पोचतात. मधला, जो रोज दोनदा झाकतो, दोनदा उघडतो. आणि खालचा, जो पंधरवड्यातून दोन-तीन दिवसच पाण्याबाहेर येतो, तोही पाऊण तास. नळ्यांची अर्ध्या मीटरची चौकट टाकायची आणि तिच्यात काय दिसेल ते मोजायचं. प्रत्येक पट्ट्यात आठ चौकटी, प्रत्येक चौकटीत अकरा जाती. दगड उचलायचा, खाली पाहायचं, आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवायचा, नाहीतर त्याच्या पोटाखालची वस्ती उन्हात मरते. आणि लिहायचं कसं, तर पाहिलं आणि काही नव्हतं, तर शून्य. पाहायलाच जमलं नाही, तर आडवी रेघ. "शून्य ही बातमी आहे," सर म्हणायचे, "आणि रेघ ही कबुली आहे. या दोघींची गल्लत करणाऱ्याने दुसरा धंदा बघावा."

हाच नियम तिने गंमत म्हणून खुबीला शिकवला होता. वाकवलेल्या तारेची वीतभर चौकट करून दिली, एक जुनी वही दिली, आणि पोरीने घरभर मोजणी मांडली. पलंगाखाली चपला दोन, पाली शून्य. माळ्यावर रेघ, कारण हात पोचत नाही. बाबांच्या खिशात खाऊ शून्य, तीन दिवस ओळीने. "ही माझी चौकशी लावणार," नवरा म्हणाला होता आणि चौथ्या दिवशी निमूट गोळ्या घेऊन आला. एकदा खुबीने आईच्या पर्सशी चौकट धरली, आत न बघता बराच वेळ थांबली आणि रेघ मारली. का गं, विचारलं तर म्हणाली, "न विचारता कसं बघायचं?" ती तेव्हा खूप हसली होती, आणि हसता हसता उठून उगाच गॅस बारीक करायला गेली होती. गॅस बंदच होता.

कारण त्या दिवशी, मोजणीच्या दिवशी, खुबी चार महिन्यांची होती. रजा संपून तिला आठवडा झाला होता. वरचा पट्टा झाला, मधला झाला, आणि पाणी हळूहळू खाली सरकत होतं, शेवाळाच्या ओल्या झालरी उघड्या पडत होत्या, आणि तिचा सदरा दोन ठिकाणी भिजत चालला होता. दुधाला घड्याळ असतं. पावणेतीन तास झाले होते. चौकट खालच्या पट्ट्याच्या कडेला टाकून ती पुढे वाकली तेव्हा छातीत दगड भरल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी फोन वाजला. सासूबाई. त्यांच्या आवाजामागे खुबीचं रडणं, थकून चिरकं झालेलं. "बाटली थुंकून टाकतेय. घसा बसलाय पोरीचा," सासूबाई म्हणाल्या, आणि मग शांतपणे, "तिकडची पिल्लं मोजून झाली की घरातलं एक मोज." तिने समोर पाहिलं. खालचा पट्टा पुरता उघडा होता, ओला, काळा, प्रत्येक दगडाखाली काळोख. अजून पस्तीस मिनिटं. नुसतं वाकायचं होतं. ती वाकली नाही. बोटांना जखमा होतील इतक्या घाईने वर चढली, रिक्षात बसली, आणि वही मांडीवर घेऊन खालच्या पट्ट्याच्या रकान्यात रेघा मारल्या. अठ्ठ्याऐंशी रेघा. रिक्षा हलत होती म्हणून वाकड्या आल्या, पण प्रामाणिक होत्या. पुढच्या मोठ्या ओहोटीला येऊ, तेव्हा भरू, असं तिने समासात लिहिलंसुद्धा. पुढच्या ओहोटीला खुबीला ताप होता.

आणि मग ती संध्याकाळ, ऑफिसातली, संगणकापुढची. सगळं भरून झालं होतं. खालच्या पट्ट्याशी येऊन तिने पहिली रेघ टाकली आणि चौकोन लाल झाला. 'कृपया संख्या भरा.' पुन्हा टाकली, पुन्हा लाल. रकाना मोकळा सोडला तर पुढचं पान उघडेना. सर दारातून डोकावले, "झालं का गं? सहाला पाठवायचंय." "झालंच सर." घरून दोन फोन येऊन गेले होते. आत्ता शून्य टाकू, उद्या सांगून दुरुस्त करू. पहिलं शून्य टाकताना हात अडखळला, हे तिला चांगलं आठवतं. दहाव्याला अडखळला नाही. चाळिसाव्यापर्यंत बोटांना एक लय सापडली होती, आणि शेवटची वीस-पंचवीस तर तिने घरी गेल्यावर आधी काय करायचं याचा विचार करत भरली. मग वहीकडे लक्ष गेलं. वही सरांकडे जमा करायची होती. तिने पेन काढलं आणि एकेक रेघ गोल केली. आडवी रेघ शून्यात नीट मावते. वरून एक कमान, खालून एक कमान. समासातली ओळ तेवढी खोडावी लागली.

नवऱ्याला तिने पंधरा दिवसांनी सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याने टीव्ही बंद केला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आठ चौकटींनी काय समुद्र बुडणारेय? आणि असेल तिथे खरंच काही नसेल. तूच म्हणतेस ना, वरच्या वस्तीचा नाला तिथे सोडलाय म्हणून." हे खरं होतं. विद्यार्थीदशेत ती त्या खडकावर उतरली होती तेव्हा तो पट्टा गजबजलेला होता, पण नंतर नाला आला, पाण्याला कसला तरी रंग आला, आणि पाच-सहा वर्षांत काय उरलं असेल कोण जाणे. असेल शून्यच. या 'असेल'वर ती पाच वर्षं जगली. अहवाल छापून आला, त्यात सरांनी लिहिलं होतं, 'खालचा पट्टा जवळजवळ निर्जीव.' भरावाला परवानगी मिळायला तेवढं एक वाक्य पुरलं. आज सांगू म्हणून ती ऑफिसात गेली, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्याकडून शिका. ओली बाळंतीण, पण एक रकाना मोकळा ठेवला नाही." टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या मधेच थांबवून काही सांगता येतं का? मग दगडांचे ट्रक आले. पाच चौकटींची जागा पहिल्या आठवड्यात गेली. तिने लांबून पाहिलं, खुबीला कडेवर घेऊन, आणि खुबी ट्रक बघून हात हलवत होती.

आता टेबलावर कवडी होती. शून्य नव्हे, एक. नाल्याच्या पाण्यात, भरावाच्या धुळीत, पाच वर्षं अंगावर पांघरूण ओढून स्वतःला पुसत राहिलेली एक. आणि कवडी कधी एकटी नसते. अंडी, पोरं, खायला शेवाळ, लपायला दगड, शेजारी खेकडे. एकीमागे अख्खी वस्ती. ती वस्ती तिथे होती, त्या दिवशीही होती, पस्तीस मिनिटं उघडी पडून होती, आणि ही वर चढून रिक्षात बसली.

फोन वाजला. सर.

"पाकीट मिळालं ना? केलीस सही?"

"करते सर."

"अगं, करते काय? काका साडेचारला निघतायत. या महिनाअखेर मी सुटतो. जाता जाता एवढं एक धसास लागलं की मोकळा. मग सकाळी ओहोटी बघायला येत जाईन, नुसती बघायला."

"सर, खालच्या पट्ट्याचं एकदा परत बघावं का? उद्या ओहोटी मोठी आहे."

पलीकडे खुर्ची करकरली.

"का गं? काही आहे का?"

हीच ती जागा. तिने कवडीकडे पाहिलं. कवडीच्या पाठीवर खिडकी होती आणि खिडकीत एक फार लहान बाई, कानाशी हात धरलेली.

"तसं नाही. आपलं उगाच."

"मग झालं तर." सर हसले, सुटल्यासारखे. "हे बघ, दुसऱ्या कुणाचं असतं तर मी स्वतः उतरलो असतो, गुडघे गेले तरी. तुझ्या आकड्यांवर मी डोळे मिटून विश्वास ठेवलाय."

त्यांना ठाऊक असेल? हा विचार तिला पहिल्यांदाच आला. मासिक पाळीच्या तारखा पाठ नसतील एखाद्या बाईला, पण भरती-ओहोटीच्या सरांना पाठ होत्या. पाऊण तासात अठ्ठ्याऐंशी रकाने होत नाहीत, हे त्यांनीच शिकवलं होतं. वहीतली वाकडी, आतून आडवी चिरलेली शून्यं त्यांनी पाहिली नसतील? की पाहिली, आणि डोळे मिटले? मिटलेल्या डोळ्यांची नोंद कशी करायची, शून्य की रेघ? कडवट हसू आलं तिला. सांगितलं तर काय होईल ते तिने शंभरदा मोजून पाहिलं होतं. सरांची शेवटची महिनाअखेर. तिची नोकरी. आणि ऑफिसातल्या व्हरांड्यात ते वाक्य, कुणीतरी चहाचा कप खाली ठेवत म्हटलेलं, "म्हणून तर बायकांना खाली पाठवू नये म्हणतो, यांचं लक्ष घरी." पुढे ज्या ज्या मुली त्या खडकावर उतरू बघतील त्यांच्या पायात ते वाक्य अडकणार. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एक दिवस खुबीला कळणार की आईने समुद्राला टाकलं ते तिच्यासाठी. पोरीच्या डोक्यावर एवढा भराव घालायचा? यातलं कुठलं कारण खरं आणि कुठलं नुसतं सोयीचं, हे तिला आता वेगळं करता येत नव्हतं. सगळ्यांना सारखीच ओल होती.

तिने पेन घेतलं. सही केली. नेहमीची, डौलदार, शेवटी खाली ओढलेली. कागद पाकिटात सरकवला, कड जिभेने ओली करून चिकटवली, वरून तळव्याने दाबली. उचललेला दगड होता तसाच परत ठेवला. फक्त खाली काय आहे ते आता पाहिलेलं होतं.

"आई."

खुबी दारात उभी होती, गालावर उशीची घडी उमटलेली, एक पाय दुसऱ्या पायावर. टेबलाकडे लक्ष गेलं आणि झोप उडाली. "माझी कवडी!" तिने ती उचलली, तळहातावर ठेवली, तोंडाशी नेऊन फुंकर घातली. वाट पाहिली. मग दुसऱ्या हातावर घेतली. "आज हलत नाहीये."

"झोपलीय."

"माझ्यासारखी?"

"हं."

"तिला साबणाचा वास येतोय."

खुबीने कवडी कानाशी धरली, मग गालाशी, जिथे उशीची घडी होती, आणि मग एकदम कामाला लागल्यासारखी आत पळाली. वही घेऊन आली, तारेची चौकट घेऊन आली, पेन्सिल तोंडात. टेबलावर चौकट मांडली, आत कवडी ठेवली, बोटाने मोजली. एक. बराच वेळ जीभ बाहेर काढून तिने तो एक काढला.

"बाई म्हणाल्या, ती सगळ्यात खालच्या दगडांत राहते. मी दगड परत ठेवला, होता तसा. खरंच." खुबीने वर पाहिलं. "पण हिला ठेवायचं विसरले. घराबाहेर राहिली ना ती?"

"जाऊ दे. राहू दे."

"तू मोजलंयस ना तिथे? सगळ्यात खाली?"

बाहेर लिफ्टचा दरवाजा लागला. ओळखीची, जड, दमत येणारी पावलं. मग बेल. शिपाईकाका नेहमी एकदाच वाजवतात आणि थांबतात. तिने पाकीट उचललं, पण बसूनच राहिली. खुबीने वहीचं पान उलटलं, नवी ओळ आखली, कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'आई' लिहिलं आणि पेन्सिल तयार धरून, बेलकडे लक्ष न देता, आईच्या तोंडाकडे पाहिलं.

"सांग ना, मी लिहिते. तू काय घातलं होतंस, शून्य की रेघ?"